थकवा, आळस आणि पेशीतली चूल



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. ही चार पाने लिहायला आपल्याला नऊ दिवस लागले, असे तिने शेवटी लिहिले आहे. रोज थोडे लिहायचे आणि मग पडून राहायचे. तिचे वय एकतीस. दोन मुले आहेत. दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण अंगातली शक्ती परत आलीच नाही. सकाळी उठताना रात्रभर झोपलोच नव्हतो असे वाटते. डोके जड होते, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत, ओट्यापाशी पंधरा मिनिटे उभे राहिले की चक्कर येते. एखाद्या दिवशी जरा बरे वाटले म्हणून तिने घर झाडले, चार पाहुण्यांची बिर्याणी केली, तर दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर अंथरुणाला खिळून राहिली.

रक्ताच्या तपासण्या 'नॉर्मल' आल्या. एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" असे सांगून परत पाठवले. सासूबाईंना वाटते की ही कामचुकार आहे. नणंद म्हणते नजर लागली. एका आमिलने ताविज दिला, पैसे घेतले, फरक पडला नाही. रमजानमध्ये तिने हट्टाने अकरा रोजे ठेवले आणि त्यानंतर ईदपर्यंत तिला उठताही आले नाही. पत्राच्या शेवटी तिने दोनच प्रश्न विचारले आहेत. मी आळशी आहे का? आणि अल्लाह माझ्यावर नाराज आहे का?

नाव-गाव न छापण्याच्या अटीवर तिने पत्रातला मजकूर वापरायची परवानगी दिली आहे. या महिन्याचा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्यापेक्षा जास्त तिच्या घरच्यांसाठी आहे. अशी एखादी भगिनी, एखादा भाऊ, एखादा कॉलेजात जाणारा मुलगा आपल्याही घरात असू शकतो.

आधी नेहमीची कारणे तपासा

थकवा हे लक्षण आहे आणि त्याची कारणे पुष्कळ असतात. म्हणून सर्वांत आधी सोपी, उपचाराने बरी होणारी कारणे शोधली पाहिजेत. आपल्याकडे पहिला संशय रक्ताच्या कमतरतेवर घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. त्यानंतर थायरॉइड, मधुमेह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग, मूत्रपिंड व यकृताचे आजार, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम या गोष्टी पाहाव्या लागतात. बहुतेक थकलेल्या माणसांचे उत्तर याच यादीत सापडते आणि योग्य उपचाराने ती बरी होतात.

पण काही जणांच्या बाबतीत ही सगळी यादी तपासून संपते, तरी उत्तर मिळत नाही. आपल्या भगिनीचे तसेच झाले आहे. तिने वर्णन केलेली लक्षणे एका ठरावीक आजाराशी जुळतात. त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. त्याचे दुसरे नाव मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस असे लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर दोन्हींची आद्याक्षरे जोडून एमई/सीएफएस असे लिहितात. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तिने कोणत्या दिशेने चौकशी करावी, हे मात्र सांगता येते.

हा आजार ओळखायचा कसा?

२०१५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने नऊ हजारांहून अधिक संशोधनांचा धांडोळा घेऊन एक अहवाल दिला. हा खरा, गंभीर आणि शरीराच्या अनेक भागांवर परिणाम करणारा आजार आहे, असे त्यात स्वच्छ शब्दांत म्हटले आहे. ओळखण्याच्या खुणाही त्यांनी ठरवून दिल्या.

पहिली खूण अशी की, पूर्वी सहज होणारी कामे सहा महिन्यांहून अधिक काळ होत नाहीत, थकवा जुना जन्मापासूनचा नाही आणि विश्रांतीने तो फारसा हटत नाही. दुसरी खूण सर्वांत महत्त्वाची. थोडे जास्त श्रम झाले, मग ते अंगमेहनतीचे असोत की डोक्याचे, की सगळी लक्षणे एकदम वाढतात. हे वाढणे बहुधा लगेच होत नाही. काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी होते आणि मग कित्येक दिवस टिकते. तिसरी खूण, कितीही झोपले तरी ताजेतवाने वाटत नाही. यांच्या जोडीला डोके न चालणे किंवा उभे राहिल्यावर त्रास होणे, यांपैकी निदान एक लक्षण असावे लागते.

बिर्याणीनंतर आठवडाभर अंथरूण धरणे म्हणजे ही दुसरी खूण आहे. निरोगी माणूस दमतो, रात्री झोपतो आणि सकाळी उभा राहतो. या आजारात हिशोब उलटा चालतो. आळशी माणसाला काम केल्याने आजारपण येत नाही. या रुग्णांना येते. फरक इथेच आहे.

याच अहवालाच्या अंदाजानुसार अमेरिकेत या आजाराचे ८ लाख ३६ हजार ते २५ लाख रुग्ण असावेत आणि त्यांतल्या बहुसंख्यांचे निदानच झालेले नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार जास्त होतो. अनेकांची सुरुवात एखाद्या संसर्गाने, तापाने होते. करोनानंतर जगभरात 'लाँग कोविड'चे जे रुग्ण दिसले, त्यांतल्या पुष्कळांची लक्षणे हुबेहूब अशीच आहेत.

आपल्या भगिनीला "नाटक" हा शब्द ऐकावा लागला. तो शब्दही या आजाराइतकाच जुना आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशा लक्षणांची साथ आली आणि तिथल्या २९२ कर्मचाऱ्यांना, म्हणजे डॉक्टर, नर्स वगैरेंना तिने गाठले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला. पण लगेच पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न तपासता, केवळ जुनी कागदपत्रे वाचून, हा सामूहिक हिस्टेरिया होता असा लेख लिहिला. रुग्णांत बायका जास्त होत्या, हे त्यांच्या युक्तिवादांपैकी एक होते. त्या एका लेखाची सावली पुढे कित्येक वर्षे रुग्णांवर पडून राहिली. रक्ताच्या कागदावर काही दिसत नाही म्हणून दुखणेच नाही, असे म्हणण्याची घाई शिकलेल्या लोकांनीही केली आहे, मग सासूबाईंना एकट्यांना काय दोष द्यायचा?

प्रत्येक पेशीत एक चूल

आता त्या पेशीतल्या चुलीकडे वळू. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'तंतुकणिका' नावाचे एक चित्र होते, आठवते का? इंग्रजीतले तिचे नाव मायटोकॉन्ड्रिया. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे आणि रक्तातल्या लाल पेशी सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक पेशीत या कणिका असतात. ज्या पेशीला काम जास्त, तिच्यात त्या जास्त. हृदयाच्या स्नायूच्या पेशीत तर सुमारे एक तृतीयांश जागा यांनीच व्यापलेली असते.

आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची साखर होऊन ती पेशीत पोहोचते. पण पेशीला साखर थेट वापरता येत नाही, जसे कच्च्या तांदळाने पोट भरत नाही. पेशीला लागते एटीपी नावाचे रसायन. हे ऊर्जेचे रोख चलन समजा. बोट हलवायचे असो, हृदयाचा ठोका असो की एखादे नाव आठवायचे असो, प्रत्येक कामाला एटीपी मोजावे लागते. शरीरात याचा साठा फार थोडा असतो, म्हणून ते सतत बनत आणि मोडत राहते. दिवसभरात एक माणूस साधारण आपल्या वजनाच्या आसपास एटीपी बनवतो आणि खर्च करतो.

साखरेचा एक रेणू मायटोकॉन्ड्रियाबाहेर, प्राणवायूशिवाय जाळला तर एटीपीचे फक्त दोन रेणू पदरात पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. तोच रेणू मायटोकॉन्ड्रियात जाऊन प्राणवायूच्या मदतीने जळला तर सुमारे तीस मिळतात. एवढा फरक आहे.

आत हे काम कसे चालते, ते वाचले की तोंडून सुबहानल्लाह निघते. कोयनेचे धरण डोळ्यांसमोर आणा. पाणी उंचावर अडवायचे, मग वाट करून खाली सोडायचे आणि त्या जोरावर चक्र फिरवून वीज काढायची. मायटोकॉन्ड्रियातही असेच आहे. अन्न जाळून मिळालेल्या शक्तीने हायड्रोजनचे सूक्ष्म कण एका पातळ पडद्याच्या एका बाजूला गोळा केले जातात. ते परत येताना पडद्यात बसवलेल्या एका चक्रातून येतात, ते चक्र खरोखर गरगर फिरते आणि एटीपी तयार होते. धरणाची ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ साली, तर चक्राचे काम उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चूल पेटत नाही की विझवली जाते?

या थकव्याच्या मुळाशी ऊर्जा बनवण्याची ही व्यवस्था तर बिघडलेली नाही ना, असा प्रश्न संशोधकांना पडणे साहजिक होते. गेल्या काही वर्षांत यावर बरेच काम झाले आहे. त्यातले मोजके सांगते.

२०१६ साली नॉर्वेतल्या बर्गन येथील डॉक्टर फ्लूगे आणि मेल्ला यांच्या गटाने २०० रुग्ण आणि १०२ निरोगी माणसांचे रक्त तपासले. साखरेपासून बनलेल्या इंधनाला मायटोकॉन्ड्रियात शिरायला एक दार आहे. रुग्णांमध्ये हे दार नीट उघडत नसावे, असे त्यांना दिसले. मग शरीर दुसरे इंधन शोधते आणि प्रथिनांचे घटक जाळायला घेते. ठरावीक प्रकारचे हे घटक रुग्णांच्या रक्तात, विशेषतः स्त्रियांच्या रक्तात, कमी आढळले. घरात गॅस आहे पण शेगडीची नळी चोंदली, म्हणून लाकडी सामान जाळून स्वयंपाक करावा, तशी ही गत.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथील रॉबर्ट नॅव्हिओ यांनी रुग्णांच्या रक्तातली शेकडो रसायने मोजली. चित्र असे दिसले की शरीराने जणू स्वतःच आपला कारभार मंद केला आहे, जसे काही प्राणी संकटाच्या काळात जवळपास निपचित होऊन तग धरतात. म्हणजे चूल फुटलेली नसेल, घरावर काही संकट आहे असे समजून कुणी ती मुद्दाम मंद केली असेल. ताप गेला, तरी 'संकट टळले' हा निरोप पेशीपर्यंत पोहोचलाच नाही, अशी ही कल्पना आहे. ती अजून सिद्ध झालेली नाही.

२०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांना जास्तीत जास्त ऊर्जा बनवायला भाग पाडले. निरोगी माणसांच्या पेशींनी जोर लावला, रुग्णांच्या पेशींना तेवढा लावता आला नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या पॉल ह्वांग यांच्या गटाने एका महिला रुग्णापासून सुरुवात केली. तिच्या पेशींत डब्ल्यूएएसएफ-३ नावाचे एक प्रथिन वाढलेले होते. मायटोकॉन्ड्रियातली यंत्रे एकमेकांना जोडून काम करतात आणि हे प्रथिन त्या जोडणीत अडथळा आणते. उंदरांत हे प्रथिन वाढवले तर तेही पळताना लवकर थकले. मग त्यांनी १४ रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा निरोगी लोकांच्या तुलनेत त्यांच्यातही हे प्रथिन जास्त आढळले.

आणि २०२४ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमहून एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. लाँग कोविडच्या २५ रुग्णांना आणि २१ निरोगी माणसांना थोडा वेळ सायकल चालवायला लावली आणि त्याआधी व दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला. रुग्णांच्या मायटोकॉन्ड्रियाचे काम आधीच कमी होते. व्यायामानंतर ते आणखी खालावले आणि स्नायूला इजा झाल्याच्या खुणाही वाढल्या. "काल काम केले म्हणून आज पडले आहे" ही तक्रार इथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. मनाचे खेळ स्नायूच्या तुकड्यात उमटत नाहीत.

माहेरचा दोष काढू नका

मायटोकॉन्ड्रियाचे एक वैशिष्ट्य आहे. त्यांच्याकडे स्वतःचा छोटासा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. हे कुठेतरी अर्धवट वाचून "म्हणजे हा आजार माहेरून आला" असे कुणी म्हणू नये, म्हणून मुद्दाम लिहिते. आईकडून येणारे मायटोकॉन्ड्रियाचे दुर्मिळ आजार आहेत, पण ते वेगळे. एमई/सीएफएसच्या रुग्णांचा हा डीएनए तपासला गेला, तेव्हा तसा आजार त्यांच्यात सापडला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या 'डिकोडएमई' या अभ्यासाने १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. त्यांना फरक दिसले ते केंद्रकातल्या डीएनएच्या आठ जागी. तो डीएनए आई आणि वडील दोघांकडून येतो. त्या जागांजवळची काही जनुके रोगप्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. अशा फरकांनी धोका थोडासा वाढतो, आजार ठरून जात नाही. त्यामुळे कुणा एका घराण्यावर बोट ठेवायला जागा नाही.

आशा ठेवा, पण खिसा सांभाळा

इतके वाचून वाटेल की मग मायटोकॉन्ड्रियाचे औषध घ्यावे आणि मोकळे व्हावे. इथे थोडे थांबायला हवे. वरची बहुतेक संशोधने लहान आहेत. प्रत्येकात बिघाड थोडा वेगळ्या जागी दिसला आहे. मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड हे मूळ कारण आहे की प्रतिकारशक्तीच्या किंवा मज्जासंस्थेच्या बिघाडाचा परिणाम, हे ठरलेले नाही. निदान पक्के करणारी रक्ताची एकही तपासणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही. मूळ आजार बरा करणारे सिद्ध औषधही नाही.

नॉर्वेच्या त्याच डॉक्टरांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रिटुक्सिमॅब नावाच्या औषधाने त्यांच्या काही रुग्णांना बरे वाटले होते. जगभरच्या रुग्णांच्या आशा पालवल्या. त्यांनी मग १५१ रुग्णांवर काटेकोर चाचणी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसते सलाइन, आणि कुणाला काय मिळाले हे कुणालाच माहीत नाही. २०१९ मध्ये निकाल आला की दोन्ही गटांत फरक नाही. त्यांनी तो जसाच्या तसा जाहीर केला. स्वतःच्या आशेविरुद्ध खरे सांगायला हिंमत लागते, आणि विज्ञान अशा प्रामाणिकपणावरच पुढे जाते.

म्हणून 'पेशींना नवी शक्ती' देणाऱ्या महागड्या कॅप्सूल, सलाइनचे कोर्स, यांच्या जाहिरातींपासून सावध राहा. कोएन्झाइम क्यू-१० सारख्या गोळ्यांनी काही छोट्या चाचण्यांत थोडा आराम दिसला आहे, पण तो खात्रीचा उपचार नाही. आधी डॉक्टरांना विचारा. यासाठी कर्ज काढू नका, दागिने मोडू नका.

शक्तीचा हिशोब

मग करायचे काय? पूर्वी या रुग्णांना "रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या" असा सल्ला सर्रास दिला जाई. अनेक रुग्ण त्याने आणखी खचले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ठरावीक मात्रेने व्यायाम वाढवत नेण्याचा तो उपचार या रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. त्याऐवजी आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून दिवस आखण्यावर त्यांचा भर आहे.

गृहिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि त्यात घर चालवायचे असते. इथे रोजचा पगार ठरलेला आहे आणि तो फार कमी आहे. बरे वाटले त्या दिवशी सगळे काम उरकून घेणे म्हणजे उधार उचलणे. हे कर्ज व्याजाचे आहे, आणि व्याज आपल्याला हराम तर आहेच, परवडतही नाही.

दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. काय काम केले, किती वेळ, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसे वाटले, एवढेच लिहा. आपली मर्यादा कुठे आहे ते त्यातून कळेल. थकायच्या आधी थांबा, थकल्यावर नाही. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा. कणीक बसून मळा, भाजी आडवे व्हायच्या जागेजवळ बसून चिरा. एका दिवसाचे काम तीन दिवसांत वाटा. मोबाइल, टीव्ही, पाहुण्यांशी गप्पा यांतही शक्ती खर्च होते, त्याचाही हिशोब धरा. उभे राहिल्यावर चक्कर, छातीत धडधड, झोप न लागणे, अंगदुखी यांवर वेगवेगळे उपचार आहेत आणि त्याने जगणे सुसह्य होते, म्हणून डॉक्टरांकडे जाणे सोडू नका. जाताना ती वही सोबत न्या. दहा मिनिटांच्या भेटीत तोंडी जे सांगता येत नाही, ते वही सांगते. वजन झपाट्याने घटणे, रोज ताप, रात्री दरदरून घाम, धाप लागणे, रक्तस्राव असे काही असेल तर मात्र ताबडतोब दाखवा, ते वेगळ्या आजाराचे लक्षण असू शकते.

दुसरा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. अल्लाह नाराज आहे का? मी आलिमा नाही. पण आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींची आठवण करून देते. सूरह बकरामध्ये जिथे रोजांचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाला सवलत आहे. सोबत हेही सांगितले आहे की अल्लाहला तुमच्यासाठी आसानी हवी आहे, त्रास नको. सवलत ज्याने दिली, ती घेतल्याबद्दल तोच नाराज कसा होईल? रोजे नंतर कजा करायचे की फिदया द्यायचा, हे आजाराच्या स्वरूपावर अवलंबून आहे. डॉक्टरांचा सल्ला घेऊन जवळच्या जाणकार आलिमांना विचारा. बीपी, मधुमेहाच्या औषधांसाठी विचारता, तसेच यासाठीही विचारा.

नमाजबद्दल हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस बुखारीत आहे. ते आजारी होते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले की उभे राहून अदा करा, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. पंधरा मिनिटे उभे राहून चक्कर येत असेल, तर खुर्चीवर बसून नमाज अदा करण्यात कमीपणा नाही. वुजूही स्टुलावर बसून करा.

दुआ मागा, अवश्य मागा. पण उपचार करून घेण्याची शिकवणही प्रेषितांचीच (स.) आहे. दुआ आणि दवा या दोन सवती नाहीत. आजाऱ्याच्या लाचारीचा बाजार मांडणाऱ्यांच्या दारात मात्र जाऊ नका.

घरच्यांसाठी चार शब्द

सासूबाई, तुम्ही तुमच्या काळात तापातही काम केले असेल. म्हणून सूनही करू शकेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा ताप नाही. हिला काम करायला लावून तुम्ही तिला कामाची सवय लावत नाही, उद्याची तिची शक्ती आज काढून घेता. ती उठून बसेल असे तुम्हाला वाटत असेल, तर तिला आज पडू द्या.

आणि पतिराजांना एक आठवण. प्रेषित (स.) घरात काय करत असत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा घरच्यांच्या कामात मदत करत असत, असे त्यांनी सांगितले. घर झाडणे, मुलांचा डबा भरणे, भांडी घासणे हे सुन्नतच्या वाटेवरचेच काम आहे. चहा स्वतः करून घेतलात आणि तिच्यासाठीही एक कप आणलात, तर तिच्या दिवसाच्या हिशोबात तेवढी शक्ती शिल्लक पडेल. तिच्यासोबत दवाखान्यात जा. डॉक्टरांसमोर "हो, हे खरे आहे, मी पाहतो" एवढे तुम्ही म्हणालात, तर तिचे म्हणणे अधिक नीट ऐकले जाते. असे व्हायला नको, पण होते.

भगिनी, तुझ्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर "नाही" असे आहे. तू आळशी नाहीस. आळशी बाईने नऊ दिवस झुंजून चार पाने लिहिली नसती. या आजारात काही जण पुष्कळ सुधारतात, काहींना कमी-अधिक त्रास राहतो, आणि लवकर ओळखून शक्ती सांभाळणे केव्हाही चांगले. हा अंक घरात सर्वांना वाचायला दे. मोठ्याने वाचायची शक्ती नसेल तर मुलाला वाचायला सांग, आणि तू ऐकत पडून राहा.

अल्लाह तुला आणि सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो, आणि आम्हा निरोगी माणसांना दुसऱ्याचे न दिसणारे दुखणे ओळखण्याची बुद्धी देवो. आमीन.